आधी पाठ वाचा, चेहरा शेवटी: बेने इस्रायल घरांतले जुने फोटो कसे उलगडायचे

ठाण्याच्या एका मैत्रिणीच्या घरचा जुना फोटो गेले काही महिने माझ्या डोक्यात आहे. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. निम्मं कुटुंब इथे, निम्मं इस्रायलमध्ये. त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अश्दोदच्या एका भाच्याने हा फोटो एआयकडून रंगवून टाकला. साडी हिरवीगार, गाल गुलाबी, सगळ्यांनी बदाम पाठवले. मैत्रिणीने मूळ फोटो कपाटातून काढून शेजारी धरला तेव्हा आम्ही दोघी गप्प झालो. मूळ फोटोत बाईच्या शेजारच्या पुरुषाच्या छातीवर दोन पदकं होती. रंगवलेल्या फोटोत त्या जागी दोन चकचकीत बटणं आली होती.

त्या फोटोची तारीख सांगणारी सगळ्यात पक्की खूण तीच होती. एआयने ती पुसली, कारण त्याला पदक म्हणजे काय हे शोधायचं नव्हतं, चित्र गुळगुळीत करायचं होतं. आपल्याकडेही आजोबा-पणजोबांचे फोटो असे रंगवायची लाट आली आहे. म्हणून जुना फोटो मुळात कसा वाचतात ते या एका फोटोच्या निमित्ताने सांगते. उदाहरण यहुदी घरातलं असलं तरी रीत कुठल्याही घराला लागू पडेल.

फोटो म्हणजे सातबारा नव्हे, पंचनामा

सातबाऱ्यावर जमीन कोणाची हे लिहिलेलं असतं. फोटोवर माणूस कोण हे बहुधा नसतं. त्यापेक्षा तो पंचनाम्यासारखा आहे: त्या जागी, त्या वेळी काय दिसलं एवढंच तो सांगतो. पंच जसे दार उघडं होतं, कुलूप तुटलेलं होतं असं नोंदवतात आणि चोर कोण ते लिहीत नाहीत, तसंच आपणही आधी फक्त दिसतं ते लिहून काढायचं. बसलेला पुरुष, कोट, पागोटं. उभी बाई, नऊवारी, नथ. मागे रंगवलेला पडदा. 'पणजोबा' हा शब्द या टप्प्यावर तोंडातून काढायचा नाही. एकदा काढला की पुढची प्रत्येक खूण आपण त्याच्याकडेच ओढत नेतो.

घराण्याचा शोध घेणारे लोक फोटोला दोन हद्दी घालतात: याच्या आधीचा नाही आणि याच्या नंतरचा नाही. डोळा लागलेला असताना लोकलमध्ये जाग यावी, दादर गेलं हे कळावं आणि ठाणं अजून आलं नाही हेही कळावं, तसं. नेमकं कुठे आहोत ते माहीत नसतं, पण पट्टा कळतो. प्रत्येक नवी खूण तो पट्टा थोडा आवळते.

पुठ्ठा, कागद आणि चकाकी

फोटो पालथा घाला. निम्मी माहिती तिथे असते.

1850 ते 1890 या काळातले बहुतेक कागदी फोटो अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाचा थर दिलेल्या कागदावर छापलेले असत. तो कागद इतका पातळ की गुंडाळला जाई, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवत. आपल्या घरातल्या फोटोला मागे पुठ्ठा का, याचं कारण हेच. या फोटोंचा रंग कालांतराने पिवळट तपकिरी होतो. 1854 मध्ये पॅरिसमध्ये लहान कार्ड-फोटोचं पेटंट घेतलं गेलं, साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचा पुठ्ठा. 1860 च्या दशकात या कार्डांचं जगभर वेड होतं. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मोठं कार्ड आलं, सुमारे अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटर, आणि ते पहिल्या महायुद्धापर्यंत टिकलं. म्हणजे नुसती पट्टी लावूनही एक हद्द मिळते.

1890 नंतर चांदीचे क्षार आणि जिलेटीन वापरलेला कागद सर्रास झाला. असा जुना फोटो खिडकीजवळ तिरका धरा. काळ्या भागावर निळसर आरशासारखी चकाकी आली तर तो बहुधा याच जातीचा. मैत्रिणीचा फोटो असाच चकाकला. जाड करड्या पुठ्ठ्यावर, पडद्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात निळी झाक.

पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल तर मागची रेघ बघा. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता अशी दुभागलेली पाठ ब्रिटनमध्ये 1902 पासून, जर्मनीत 1905 पासून आणि अमेरिकेत 1907 पासून चालू झाली. त्याआधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती.

कपडे बघून साल सांगता येत नाही का?

येतं, पण लोक समजतात तितकं नाही. मुंबईच्याच एका प्रसिद्ध यहुदी घराण्याचा फोटो याचा उत्तम दाखला आहे. डेव्हिड सॅसून 1832 च्या सुमारास मुंबईत आले. ते बगदादी यहुदी. बेने इस्रायल समाजाहून हा वेगळा समाज. तीन मुलांसोबतच्या त्यांच्या एका फोटोत ते स्वतः आणि दोन मुलं अरबी पद्धतीच्या झग्यात, फेट्यात आहेत. तिसरा मुलगा सॅसून डेव्हिड मात्र विलायती कोटात. कपड्यांवरून तारीख लावायला गेलो तर एकाच फोटोत दोन जमाने निघतील! तारीख ठरते ती माणसांच्या आयुष्यावरून: सॅसून डेव्हिड 1858 मध्ये लंडनला गेला, वडील 1864 मध्ये पुण्यात वारले. तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे सिनेगॉगच्या (यहुदी प्रार्थनास्थळाच्या) आवारात त्यांची समाधी आहे. म्हणजे चौघं एकत्र बसले ते बहुधा 1858 च्या आत.

एकाच घरात बाप जुन्या वेषात आणि मुलगा नव्या वेषात, हे बेने इस्रायल घरांतही तसंच. त्यात बायकांची नऊवारी, नथ, बांगड्या पिढ्यान्‌पिढ्या फारशा बदलल्या नाहीत. कपडा फार तर आधीची हद्द देतो: नवी फॅशन निघायच्या आधी कोणी ती घालू शकत नाही, पण जुनी फॅशन माणूस मरेपर्यंत घालू शकतो.

शिवाय स्टुडिओत कोट, छडी, पुस्तक, घड्याळाची साखळी उसनी मिळायची. साडीवरचा रंगही पुरावा नाही, कारण फोटोवर हाताने रंग भरणारे कारागीर आपल्याकडे भरपूर होते. घरी दिवाणखाना नव्हता, पडद्यावर मात्र संगमरवरी जिना होता, हे तर नेहमीचंच.

पदकं मात्र उसनी मिळत नसत. भिंगातून पाहिलं तर मैत्रिणीच्या फोटोतल्या एका पदकावर पंख असलेली आकृती दिसते, दुसऱ्यावर राजाचं डोकं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने 1919 मध्ये सुरू केलेली ही जोडी. बेने इस्रायल समाजातले अनेक जण ब्रिटिश फौजेत होते, त्यामुळे त्यांच्या फोटोंत पदकं वारंवार भेटतात. आमची आधीची हद्द मिळाली: 1919. नंतरची हद्द सैल राहिली, कारण पदकं माणूस पुढे कितीही वर्षं लावू शकतो.

चार शब्द: 'कुलाब्याची आत्या, जुनी मशीद'

फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं. वाचायला सोपं. अर्थ लावायला आम्हाला दोन महिने लागले.

'जुनी मशीद' वाचून मैत्रिणीच्या नवऱ्याने आधी विचारलं, तुमच्यात कोणी मुसलमान होतं का? बेने इस्रायल लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी 1796 मध्ये मुंबईत बांधलेलं शार हरहमीम ही त्यांची जुनी मशीद. पुढे 1840 च्या दशकात उभं राहिलेलं शारे रासोन ही नवी मशीद. आपल्या मशीद बंदर स्टेशनाच्या नावाचा उगमही याच जुन्या मशिदीकडे नेतात. म्हणजे फोटोतली बाई कोणत्या सिनेगॉगच्या मंडळातली हे कळलं. लग्नाची नोंद कुठे शोधायची तेही कळलं.

'कुलाबा' दुसरा चकवा. आजच्या वाचकाला ताजमहाल हॉटेल आठवतं. पण 1981 पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि त्याचं मुख्य ठिकाण अलिबाग. बेने इस्रायल समाजाची मूळ गावं याच पट्ट्यात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, ते इथेच. आजही अलिबागेत इस्रायल आळी आहे. तेव्हा कुलाब्याची आत्या मुंबईच्या दक्षिण टोकाची असायचं कारण नाही, ती अलिबागकडची असण्याची शक्यता जास्त.

आणि मग 'आत्या'. इंग्रजीत हा शब्द आला असता तर बापाची बहीण, आईची बहीण, काकू, मामी, कोणीही निघालं असतं. मराठीने आपल्यावर केवढा उपकार करून ठेवला आहे! आत्या म्हणजे बापाचीच बहीण. पण कोणाच्या बापाची? नात्याचा शब्द लिहिणाऱ्यापासून मोजायचा असतो. वाचणाऱ्यापासून मोजला की एक पिढी चुकते, आणि घराण्याच्या शोधात एक पिढी चुकली की वरचं सगळं झाड वाकडं उगवतं.

घरात समज असा होता की हे पणजोबांनी लिहिलंय, म्हणजे ही पणजोबांची आत्या. पणजोबांचा जन्म 1893 चा. त्यांची आत्या 1919 नंतरच्या फोटोत पन्नाशीच्या पुढची हवी. फोटोतली बाई जेमतेम तिशीची. फोटोतलं वय ओळखताना पाचदहा वर्षं इकडेतिकडे होतात हे मान्य, पण वीस-पंचवीस नाही.

मैत्रिणीने आजीची पाककृतींची वही काढली. रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, त्यांच्याकडे चिकाचा हलवा करतात. वहीत त्याची कृती आहे. 'हलवा' मधला ल आणि 'कुलाब्याची' मधला ल आम्ही शेजारी ठेवले. दोन्हीकडे पहिलं वेटोळं मोठं, दुसरं चिमटीत पकडल्यासारखं, आणि उभा दांडा खाली जरा जास्तच ओढलेला. लिहिणारी आजी होती, 1925 ची. म्हणजे आत्या आजीची, पणजोबांची बहीण. वयही बसलं, पिढीही बसली.

आडनावावरून सोपं नाही का?

दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. गाव कळतं, खरं आहे. पण त्याच गावचे हिंदू दिवेकर आणि पेणकरही आहेत, आणि एकाच गावचे दोन यहुदी पेणकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असंही नाही. आडनाव गावाकडे बोट दाखवतं, रक्ताकडे नाही.

उलटही घडलं. इंग्रजी अमदानीत अनेकांनी 'कर' सोडून बापाचं किंवा आज्याचं नाव आडनावासारखं लावलं. वरळीकडच्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून आपण जातो. 1937 मध्ये मुंबईचे महापौर झालेले ते एलिजा मोझेस. कवी निसीम इझिकेल यांचं आडनावही गावाचं नाही, बायबलमधल्या प्रेषिताचं नाव आहे. अशाने दोन सख्ख्या भावांच्या शाखा दोन आडनावांनी चालू राहू शकतात. म्हणून पाठीवर फक्त 'सॅम्युएल' लिहिलेलं असेल तर ते नाव की आडनाव, हा प्रश्न उघडा ठेवायचा.

मदतीला येतो मधला शब्द. 'सामाजी हसाजी दिवेकर' या नावात हसाजी हे वडील. मराठी पद्धतीचं पूर्ण नाव सापडलं की एका माणसामागे फुकटात एक पिढी मिळते.

युरोपातल्या यहुदी घरांत काय करतात?

तत्त्व तेच, खुणा वेगळ्या. तिथे स्टुडिओच्या शिक्क्याची लिपी फार बोलते. विल्ना शहर 1915 पर्यंत रशियन साम्राज्यात होतं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमध्ये होतं, आज विल्नियस नावाने लिथुआनियाची राजधानी आहे. शिक्का रशियन लिपीत असेल तर फोटो बहुधा 1915 च्या आधीचा. लेम्बर्ग, ल्वूव आणि ल्वीव ही आज युक्रेनमध्ये असलेल्या एकाच शहराची तीन राज्यांतली नावं. कुटुंब जागचं हललंही नाही आणि देश तीनदा बदलला, अशी ही गोष्ट. पाठीवर हिब्रू अक्षरांत 'त्सुम आंडेन्क' दिसलं तर ती यिद्दिश भाषा, अर्थ 'आठवणीसाठी'. नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून स्वतःचा फोटो पोस्टकार्डावर छापून पाठवायची चाल होती, त्यामुळे मजकुरात 'शाना तोवा' असेल तर महिना साधारण सप्टेंबर.

तिथल्या शोधकर्त्यांकडून एक गोष्ट आपण उचलायलाच हवी: एकाच फोटोची दुसरी प्रत दुसऱ्या शाखेकडे शोधणं. नाझी संहारात घरंच्या घरं नष्ट झाली, आणि वाचले ते बरेचदा आधी अमेरिकेत किंवा पॅलेस्टाइनमध्ये नातलगांना पाठवलेले फोटो. बेने इस्रायल समाजावर तसं संकट आलं नाही, पण 1948 नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले आणि अल्बम फुटले. ठाण्यातल्या प्रतीची पाठ कोरी असेल, इस्रायलमधल्या दिमोनातल्या प्रतीवर मात्र नावं असतील.

चेहऱ्यावरून कळत नाही?

हा प्रश्न दोन रूपांत येतो. पहिलं रूप: 'हा हुबेहूब आपल्या काकासारखा दिसतो.' कुटुंबात चेहरे फिरतात, पण ते काकाकडून पुतण्याकडे, मामाकडून भाच्याकडे, कसेही फिरतात. साम्य दिसलं तर नातं असू शकतं. कुठलं नातं, ते साम्य सांगत नाही. म्हणून चेहरा शेवटी.

दुसरं रूप मला जास्त खटकतं: 'चेहऱ्यावरून यहुदी वाटत नाहीत.' कोकणात शतकानुशतकं राहिलेली माणसं शेजाऱ्यांसारखी दिसतात, यात नवल काय? 1850-60 च्या दशकांत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या समाजांचे 'नमुने' म्हणून फोटो काढले, त्यांत बेने इस्रायलही आहेत. माणसं एकीकडे टिपायची आणि मागे दुसऱ्याच जागेचं दृश्य जोडायचं, असं तो करत असे. असे फोटो आज सहज सापडतात आणि कोणाच्या तरी घराण्याचे म्हणून फिरतात. ते घरचे फोटो नव्हेत. त्यांतल्या माणसांनी काय घालावं, कसं बसावं, हे दुसऱ्याने ठरवलं होतं.

एवढं कशाला खणायचं?

कारण कधी कधी त्यावर माणसाचं लग्न अडतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायल लोकांच्या यहुदीपणाबद्दल शंका घेतली आणि विवाह नोंदवताना आईकडची वंशपरंपरा शक्य तितकी मागे तपासायचा आदेश काढला. कोकणातून गेलेल्या माणसावर आजीची आजी कोण हे सांगायची वेळ आली. लोकांनी आंदोलन केलं, आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते पूर्णपणे यहुदीच असल्याचं ठासून सांगितलं. हा अपमान सोसलेली माणसं अजून आहेत. त्यांच्यासाठी 'कोणाची आत्या' हा रिकामटेकड्यांचा प्रश्न नाही.

तेव्हा घरी फोटो असतील तर एवढं करा. अल्बममधून उचकटण्याआधी आख्ख्या पानाचा फोटो काढा, कारण कोण कोणाशेजारी चिकटवलंय हीसुद्धा माहिती आहे. दोन्ही बाजू स्कॅन करा. कडेला मऊ पेन्सिलीने तुम्हाला काय माहीत आहे आणि ते कोणी सांगितलं ते लिहा, खाली स्वतःचं नाव लिहा. सेलोटेप लावू नका. रंगवायचा असेल तर खुशाल रंगवा, पण प्रतीवर रंगवा आणि 'रंगवलेला' असं लिहून ठेवा.

मग आत्या कोण?

पणजोबांना दोन बहिणी होत्या. धाकटी 'साथीत गेली' एवढं घरात माहीत आहे. साथ कुठली? मुंबईत 1896 ला आलेला प्लेग पुढे कित्येक वर्षं घोळत राहिला, आणि 1918 मध्ये इन्फ्लुएंझा आला. ती 1919 च्या आधी गेली असेल तर फोटोतली बाई थोरली.

धाकटीचा दगड अलिबागच्या बाजूच्या दफनभूमीत आहे. भाच्याने मागच्या खेपेला फोनवर त्याचा फोटो काढला होता. यहुदी वर्ष दगडावर हिब्रू अक्षरांनी लिहितात, प्रत्येक अक्षराला किंमत असते, आणि पाच हजारांचा आकडा बहुधा गृहीत धरतात. उरलेल्या आकड्यात 1240 मिळवले की साधारण इसवी सन येतं. भाच्याच्या फोटोत पहिली दोन अक्षरं स्वच्छ आहेत: ताव म्हणजे 400, रेश म्हणजे 200. सहाशे झाले. तिसऱ्या, म्हणजे दशकाच्या अक्षरावर आणि त्यापुढच्या एककाच्या जागेवर शेवाळ आहे. तिसरं आयिन असेल तर 70, म्हणजे वर्ष 670 ते 679 मधलं आणि ती उशिरात उशिरा 1919 च्या सप्टेंबरपर्यंत गेलेली. पे असेल तर 80, म्हणजे तेव्हा जिवंत होती आणि दोघी बहिणी अजून शर्यतीत.

पाऊस ओसरला की आम्ही जाणार आहोत. मऊ ब्रश, साधं पाणी आणि तिरका उजेड पाडायला एक आरसा, एवढं सामान मैत्रिणीने पिशवीत भरूनही ठेवलंय.